दगडाला मीठ

भुरीबाईच्या हातच्या भाजीत मीठ कधी चुकलं नाही. मडक्यात हात घालायचा, तीन बोटांनी खडे चोळायचे आणि चुलीवरच्या गंजात सोडायचे, एवढंच तिचं माप. सुना मागून चव घेऊन बघत आणि बोलायला जागा सापडत नाही म्हणून मनातल्या मनात चिडत. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मिठाच्या गोण्यांवर झोपून मोठी झाली मी, मले काय शिकवता." यात थोडी फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं.

तिचा तांडा घाटंजीपासून पायी दीड तासावर, मुरमाड चढावर. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती अमरसिंगकडे आली तेव्हा त्यांना घर असं नव्हतंच. चाळीस बैल होते, आणि बैल थांबतील तिथे घर. धामणगावच्या स्टेशनात मिठाच्या वाघिणी रिकाम्या व्हायच्या. ते मीठ गोण्यांत भरायचं, गोण्या बैलांच्या पाठीवर टाकायच्या आणि यवतमाळवरून थेट पैनगंगेपलीकडच्या रानातल्या गावांपर्यंत पोचवायचं, हा या माणसांचा धंदा. मुक्काम पडला की अमरसिंग आधी एखादा सपाट दगड शोधायचा आणि त्यावर मूठभर मीठ टाकायचा. बैलांनी चाटून घेतलं की मगच माणसांची चूल पेटायची.

मिठावर या लोकांचा भरवसा देवाइतका. मीठ लावलेली कैरी वर्ष काढते, मीठ चोळलेलं कातडं किडत नाही. जे टिकवायचं त्याला मीठ लावायचं, हे भुरीबाईला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगात होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मोटारी आल्या तसा बैलांवरचा धंदा बसला. अमरसिंगनं बैल विकले, चार ठेवले आणि तांड्याच्या उताराला वावर घेतलं. वावर कसलं, दगडांचं कोठार. उन्हाळाभर दगड वेचून तो बांधावर रचायचा, आणि पावसाळा उलटला की तेवढेच दगड पुन्हा वावरात हजर. शेजारचा माणूस आणून टाकतो, अशी त्याची बरीच वर्षं खात्री होती. एकदा तर त्यानं दोन दिवस तुरीत लपून पाळतही ठेवली. भुरीबाई त्याची भाकर तिथेच नेऊन द्यायची आणि हसू दाबत परत यायची.

१९५६च्या पावसाळ्यात अमरसिंगच्या पायांवर सूज आली. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग तोंड. थोरला मुलगा भावसिंग त्याला आणि भुरीबाईला बंडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावून सांगितलं की आजपासून मीठ बंद, एक खडासुद्धा पोटात जाता कामा नये. अमरसिंगला वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत. भुरीबाईला तसं वाटलं नाही. घरी येताच तिनं मिठाचं मडकं उचलून धान्याच्या कणगीमागे लपवलं.

तीन महिने ती त्याला अळणी जेवू घालत होती. पहिल्या आठवड्यात तो चिडला, दुसऱ्या आठवड्यात त्यानं ताट लोटून दिलं. त्यानंतर मात्र तो मागायला लागला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. एवढा मोठा माणूस हात पुढे करून म्हणायचा, "थोडंसं, भुरी. बोटाच्या टोकावर." ती म्हणायची, "उद्या देईन." उद्या उजाडला की पुन्हा उद्या.

आपणही अळणीच खायचं, अशी तिनं शपथ घेतली होती. आठ दिवस निभावली. नवव्या दिवशी घरामागे जाऊन तिनं लोणच्याची फोड तोंडात टाकली, बोटं चाटली, चूळ भरली आणि साळसूदासारखी आत आली. पण अमरसिंगचं नाक मिठाच्या व्यापाऱ्याचं. त्यानं एवढंच विचारलं, "लोणचं मुरलं का गं?" ती चुलीकडे वळली, आणि त्यानंही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कैकदा वाटलं.

दिवाळीच्या आठवड्यात अमरसिंग गेला. आपला मुलूख आता मुंबई राज्यात गेला ही बातमी त्याच दिवसांत तांड्यात आली, पण भुरीबाईच्या घरात ती ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. जाण्याआधी त्यानं पाणी मागितलं नाही, मीठ मागितलं. ती सवयीनं म्हणाली, "उद्या." मीठ बंद केलं म्हणूनच त्याला हे तीन महिने मिळाले, असं भावसिंगनं तिला समजावलं, तांड्याच्या नायकानं समजावलं. तिला ते पटत होतं. पटूनही घास तोंडाशी नेला की तिचा हात थांबायचा.

अमरसिंगचा फोटो नव्हता. तांड्यात कुणाचाच नव्हता. तेव्हा भुरीबाईनं हट्ट धरला की त्याचा दगड घडवून वावराच्या बांधावर बसवायचा, आणि दगडावर त्याचा चेहरा हवा. पांढरकवड्याकडचा एक पाथरवट सापडला. तो म्हणाला, काळा पाषाण घ्या, नातवंडांची नातवंडं बघतील. भावसिंगलाही ते पटलं. भुरीबाई मात्र नाल्याच्या काठानं फिरत राहिली आणि एका करड्या-तांबूस दगडापाशी येऊन थांबली. त्या दगडात पांढरे दाणे होते, अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे.

"हाच," ती म्हणाली.

"हा मांजऱ्या हाये, बाई. नरम असते," पाथरवट म्हणाला.

"नरम तर नरम. माणूस कुठे टणक होता?"

पाथरवटानं अमरसिंगला कधी पाहिलं नव्हतं. तीन दिवस भुरीबाई त्याच्या शेजारी बसून होती. नाक लांब कर, मिशी खाली वळव, कपाळ एवढं मोठं नको. बिचाऱ्याच्या छिन्नीला तिनं श्वास घेऊ दिला नाही. चौथ्या दिवशी दगडावर पाठीवर गोण्या घेतलेला एक बैल उभा राहिला, आणि बैलाची दोरी धरून पागोटं बांधलेला एक माणूस. चेहरा अंगठ्याएवढाच, पण तो अमरसिंगचा होता. भुरीबाईनं ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत दगडापाशीच बसून राहिली.

तेव्हापासून घाटंजीच्या बाजाराचा दिवस ठरून गेला. बाजारातून खडेमीठ आणायचं, परस्पर वावरात जायचं, दगडावर मूठभर मीठ ठेवायचं आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडायचं. नुसतं वर ठेवलेलं मीठ शेळ्या खातील, मुंग्या नेतील, ते त्याच्या पोटात गेलं पाहिजे. पाण्यानं मीठ विरघळून दगडात जिरायचं तेव्हाच ती उठायची. तीन महिन्यांत जे दिलं नाही ते ती आता देत होती, आणि शिवाय मिठानं वस्तू टिकते, तेव्हा चेहराही टिकेल, असा तिचा साधा हिशोब होता.

तीन वर्षं सगळं ठीक चाललं. चौथ्या हिवाळ्यात एके दिवशी तिनं दगडावरून हात फिरवला तर बोटांना भुकटी लागली. अमरसिंगच्या नाकाचा शेंडा गेला होता.

आधी तिचा संशय गुरांवर गेला. खारट दगड म्हटल्यावर तांड्याची अर्धी गुरं तिथे जीभ लावायला यायची, हे खरंच होतं. तिनं दगडाभोवती बोरीच्या काट्या लावल्या. गुरं थांबली, पण दगडाची भुकटी थांबली नाही. महिन्याभरात गालावरून नखाएवढा पापुद्रा सुटला आणि त्याबरोबर डावा डोळा गेला. मग तिला वाटलं नजर लागली. उतरवून टाकली, काही झालं नाही. शेवटी तिच्या मनात जे पहिल्या दिवसापासून होतं तेच वर आलं. तो रागावला असेल. आपल्याकडे बघायचं नाही म्हणून तोंड काढून घेत असेल. या विचारानं ती घाबरली आणि तिनं मीठ वाढवलं, एका मुठीच्या दोन मुठी केल्या.

भावसिंगनं वावरात विहीर खोदायला काढली तो १९६१चा उन्हाळा. खोदणारा होता फकिरा. वडाराच्या पालात जन्मलेला, चाळिशीतला, दगडाशिवाय दुसऱ्या कशावर फारसं न बोलणारा माणूस. त्याला एक खोड होती. विहिरीत नवा थर लागला की तो त्यातला तुकडा फोडायचा, फुंकर मारायचा आणि सरळ जिभेवर ठेवायचा. जिभेला चिकटला तर आत चिकणमाती, खारा लागला तर पाणीही खारं निघणार, असं त्याचं गणित. तांड्यातल्या सोनीबाईनं त्याचं नाव दगडचाट्या ठेवलं. फकिराच्या कानावर ते गेलं, आणि त्याला आवडलं असावं, कारण तो त्यावर पहिल्यांदाच हसला.

भुरीबाई रोज त्याची भाकर घेऊन विहिरीवर जायची आणि काठावर बसून खाली बघायची. वरची काळी माती हातभर, मग पिवळसर मुरूम, मग मुरमात रुतलेले गोल गोटे. एक दिवस फकिरानं त्यातला एक गोटा वर आणला आणि तिच्यासमोर हातोडीनं हलकेच ठोकला. कांद्याची साल निघावी तसा एक पापुद्रा सुटला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. आत मुठीएवढा काळा कुळकुळीत गाभा उरला.

"हा दगड मरून राह्यला, माय," तो म्हणाला. "ऊन लागते, पाणी लागते, झाडाचं मूळ शिरते. एकेक पापुद्रा सुटते. पापुद्र्याचा होते मुरूम, मुरमाची होते माती. तुह्या वावरातली काळी माती कोणं आणून टाकली? यानंच."

"अन् वावरात दरसाल दगड वर येतात ते?"

"वर नाही येत. माती वाहून जाते, ते उघडे पडते."

भुरीबाईनं वळून बांधावरच्या दगडांकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे भावसिंगचा बाप जन्मभर मातीचेच मायबाप वेचून बांधावर टाकून राह्यलता. अन् आळ घेतला शेजाऱ्यावर."

"किती दिवसात होते एवढी माती?" तिनं विचारलं.

"दिवस?" फकिरानं बोटाचं एक पेर दाखवलं. "तुह्या आज्याचा आजा, त्याच्या मागचे, त्याच्याही मागचे, सारे जन्मले अन् गेले, तवा एवढी."

मग भाकर खाता खाता त्यानं तिला आणखी सांगितलं. तरुणपणी दोन हिवाळे तो जमिनीची पाहणी करणाऱ्या एका साहेबाबरोबर दगडांचे नमुने वाहत हिंडला होता. साहेब सांगायचे की हा सगळा दगड एकेकाळी पातळ होता, जमीन फाटून वर आला आणि गुळाच्या पाकासारखा पसरला. पाकावर फेस येतो तसा त्याच्या वरच्या अंगाला फेस आला आणि तो तसाच निवून दगड झाला. तो मांजऱ्या. फेसाच्या भोकांत पाणी झिरपून झिरपून पांढरे खडे धरले. खालचं अंग दबून घट्ट बसलं, तो काळा पाषाण. असा एक पाक निवला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.

"म्हणजे सारं यवतमाळ एकाच कढईतलं," भुरीबाई म्हणाली.

"मी बी साहेबाले हसलोच होतो. पण इतक्या विहिरी खोदल्या, कुठेच साहेब चुकला नाही."

इतकं दगड जाणणारा माणूस तिला आयुष्यात भेटला नव्हता. तिनं उरलेली भाकर फडक्यात बांधली आणि म्हणाली, "चाल, तुले एक दगड दाखवायचा हाये."

बांधावर आल्यावर तिनं काट्या बाजूला केल्या. फकिरानं चप्पल काढली, उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिला. अमरसिंगचा एक डोळा आणि मिशी शिल्लक होती. बैलाच्या पाठीवरची गोणी फुगून उकलली होती. फकिरानं बोटानं पापुद्र्याची कड चाचपली, तिथली पांढरी बुरशीसारखी भुकटी बघितली. मग तो पुढे वाकला आणि त्यानं अमरसिंगच्या गालाला जीभ लावली.

भुरीबाईनं उचललेला हात खाली घेतला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं पाठीत धपाटा घातला असता.

"मीठ," फकिरा म्हणाला. "दगडात मीठ कुठून आलं, माय?"

"मी घालतो. दर बाजाराले."

"पाण्यासंग?"

"पाण्यासंग. आत जायले पाह्यजे ना."

फकिरानं मान खाली घातली. काय झालं ते त्याला कळलं होतं आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "माय, तुह्या घरी मिठाचं मडकं किती दिवस टिकते?"

"दोन वर्षं. मंग बाहेरून पोपडे सुटतात, बदलावं लागते."

"काहून सुटतात?"

भुरीबाईनं याचा कधी विचारच केला नव्हता. जन्मभर तिनं ती मडकी बदलली होती. बाहेरून पांढरी होतात, मग पापुद्रे सुटतात, मग बूड गळतं. मडक्यांची जातच तशी, एवढंच ती समजत आली होती.

"पाण्यात विरघळून मीठ आत शिरते," फकिरा हळू आवाजात सांगत होता. "ऊन पडलं की पाणी उडून जाते, मीठ आतच राह्यते. तिथे ते पुन्हा खडा धरते. खड्याले जागा लागते, माय. तो दगडाले आतून लोटते. काळ्या पाषाणात शिराले त्याले फट नाही भेटत. हा मांजऱ्या, याच्या अंगात नुसती भोकंच."

"म्हणजे मी केलं हे."

"तुले काय ठाऊक."

"पण मीच केलं."

तिनं डोळे पुसले आणि त्याला एकच विचारलं की उरलेलं तोंड वाचेल का. वाचेल, तो म्हणाला, पण मीठ बंद करावं लागेल. एक खडासुद्धा नाही. हे शब्द तिनं याआधी ऐकलेले होते. फकिराला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्यानं उपायही सांगितला आणि स्वतः करून दाखवला. काळी माती गाळून गोड्या पाण्यात कालवायची, दगडाला सगळीकडून जाड लेप द्यायचा आणि सावली धरून सुकू द्यायचा. सुकताना माती आतलं मीठ ओढून घेते. लेप काढला तेव्हा मातीच्या भेगांत खरोखरच पांढरी रेघ उमटली होती. भुरीबाईनं असे नऊ लेप दिले. आजाऱ्याचं अंग पुसावं तशी ती दगड पुसायची. दहाव्या लेपाला पांढरं काही आलं नाही. पावसाळा आला, विहिरीचं काम थांबवून फकिरा आपल्या पालाकडे गेला, आणि त्या वर्षी दगडाचा एकही पापुद्रा सुटला नाही.

तांड्याला वाटलं म्हातारीचा जीव थाऱ्यावर आला. तसं झालं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती मीठ आणायची, सवयीनं वावरात जायची, आणि मूठ मिटलेलीच ठेवून दगडासमोर बसायची. एक डोळा आणि मिशी असलेला तो चेहरा तिच्याकडे बघत असायचा. तिच्या तोंडून नकळत निघायचं, "उद्या." मग आपण काय बोललो ते कळून ती तशीच उठायची.

हळूहळू तिनं स्वतःच्या ताटातलंही मीठ सोडलं. या खेपेला घरामागे जाऊन लोणचं खाल्लं नाही. भावसिंगची बायको धनीबाई तिच्या वाटची भाजी वेगळी काढून ठेवायची आणि नवऱ्याकडे बघायची. भावसिंग एकदा वैतागून आईला म्हणाला, "याडी, फकिरानं दगडाले मीठ बंद सांगतलं, तुले नाही." भुरीबाई हसली, पण मडक्यात हात घातला नाही. हिवाळा संपेपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या, बलोया, सैल झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात फकिरा परत आला आणि आठ दिवसांत विहिरीला पाणी लागलं. गोडं पाणी. तांड्यात गूळ वाटला. गुळाचा खडा तोंडात टाकून फकिरा तडक बांधावर गेला, तर भुरीबाई आधीच तिथे बसलेली होती. त्यानं दगड चाचपला, मिशीवरून अंगठा फिरवला. त्याच्या तोंडावर समाधान दिसत होतं.

"सुधरला, माय. आता तुह्या नातवाच्या नातवाले बी दिसन."

"तू सांगतलं ते सारं खरं निघालं," भुरीबाई म्हणाली. "बस जरा."

तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत खडेमीठ होतं. फकिराला वाटलं बाजारचं घरी न्यायचं राहिलं असेल.

"आज त्याले देणार हावो," ती म्हणाली.

"माय, वर्षभर केलेलं सारं पाण्यात जाईन."

मग तिनं त्याला अळणी जेवणाचे तीन महिने सांगितले. पुढे आलेला हात, रोजचं उद्या, घरामागचं लोणचं, सगळं. सांगताना ती रडली नाही. इतकी वर्षं मनात घोळवून ते शब्द गुळगुळीत झाले होते.

"पण डॉक्टरनं तर बरोबरच सांगतलं होतं," फकिरा म्हणाला.

"डॉक्टर बरोबर होता. तू बी बरोबर हायेस. तुमी सारेच बरोबर, अन् तो आठ वर्षांचा पोर असल्यावाणी माह्या तोंडाकडे पाहून राह्यला."

"दगड हाये, माय. दगड काही खात नाही."

"मी काय येडी हावो का? दगड खात नाही, मले ठाऊक हाये. पण 'नाही' मीच म्हणून राह्यली ना त्याले." ती थोडी थांबली. "तवा नाही म्हणलं ते त्याच्या जिवासाठी. जीव राह्यन अशी आशा होती. आता कोणाच्या जिवासाठी म्हणू? मले त्याचं तोंड पाह्याले पाह्यजे, एवढ्याचसाठी ना? माह्या डोळ्यांपायी त्याले पुन्हा उद्या म्हणू?"

दगडाबद्दल फकिराला कुणीही काहीही विचारावं, तो सांगू शकत होता. हे दगडाबद्दल नव्हतं. तरी आपल्याला जे माहीत आहे ते न सांगणं त्याला लबाडी वाटली.

"तोंड जाईन, माय," तो म्हणाला. "पाच पावसाळे, लय झालं तर सहा. आधी डोळा, मंग मिशी, मंग बैल. शेवटी कोणाचा दगड हे बी कोणाले कळणार नाही."

"अन् मंग?"

"मंग मुरूम."

"याच वावरात ना?"

"आणखी कुठे जाते."

भुरीबाईनं मान हलवली. तिनं त्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, अगदी सावकाश, आणि उठायला गेली. पण वर्षभराच्या अळणी जेवणानं तिच्या गुडघ्यांत बळ उरलं नव्हतं, ती अर्ध्यातच पुन्हा बसली. फकिरा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपली ओंजळ तिच्यापुढे धरली. तिनं ओढणीचं टोक त्यात रिकामं केलं. फकिरा दगडापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि बिचकत बिचकत, जेमतेम चिमूटभर मीठ त्यानं दगडावर सोडलं.

"एवढं बस का, माय?" मागे वळून त्यानं विचारलं.

"आणखी घाल," भुरीबाई म्हणाली. "त्याले जास्त लागे."